ल माँचे २४ तास : गॅरेजच्या आतून फोटो काढताना

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात लग्नसमारंभांचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एका संघाने सोबत घ्यायचं कबूल केलं आहे. धावत्या गाड्यांचे फोटो इतर शेकडो जण काढतीलच, याला पडद्यामागचं काम टिपायचं आहे. सामान काय न्यावं, सेटिंग काय ठेवावं, उभं कुठे राहावं आणि २४ तास कसे वाटून घ्यावेत?

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येतं. मंगलाष्टकं पुन्हा म्हणून मिळत नाहीत, आणि चांगले फोटो स्टेजपेक्षा वधूच्या खोलीत आणि आचाऱ्याच्या मांडवात जास्त मिळतात. ल माँमध्ये मुहूर्त दर पाऊण तासाला येतो, एवढाच फरक.

तो कसा, ते आधी समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. सर्किटची लांबी १३.६२६ किलोमीटर. सर्वांत वेगवान वर्गातल्या, म्हणजे हायपरकार गाड्यांना एका फेरीला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात आणि एका टाकीत साधारण बारा फेऱ्या होतात. म्हणजे गाडी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांनी पिटमध्ये, म्हणजे गॅरेजसमोर इंधन आणि टायरसाठी थांबायच्या जागी, येणार. या दोन थांब्यांमधल्या पट्ट्याला स्टिंट म्हणतात. पूर्ण शर्यतीत एका गाडीचे तीसच्या आसपास थांबे होतात. पहिले दोन थांबे फक्त बघा, कॅमेरा खाली ठेवून. कोण कुठून धावतो, इंधनाची नळी कुठल्या बाजूने येते, हवेच्या नळ्या कशा लोळतात, जुनी चाकं कुठे ठेवतात, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अठ्ठावीस थांबे तुमचे.

इंजिनिअरने ‘या फेरीला आत ये’ असं ड्रायव्हरला रेडिओवर सांगितलं की तुमच्या हातात जास्तीत जास्त तीन मिनिटं असतात. संघाकडून ऐकण्यापुरता रेडिओ हेडसेट मागून घ्या. बहुतेक संघ देतात, आणि कानांचं संरक्षणही त्यातच होतं. तो मिळाला नाही तर खुणा ओळखायला शिका : खुर्च्यांवर पेंगणारे मेकॅनिक एकदम उठतात, अग्निरोधक मुखवटा आणि हेल्मेट चढतं, कुणीतरी चाकाचा नट फिरवणाऱ्या व्हील गनची नळी सरळ करतो, टायर भिंतीपासून पुढे येतात. माझ्या मते सबंध शर्यतीतली सर्वांत चांगली तीन मिनिटं ही आहेत. चाक बदलतानाचा फोटो प्रत्येकाकडे असतो आणि त्यात सगळे चेहरे हेल्मेटच्या आड असतात. गाडी यायच्या आधी हेल्मेटची काच खाली न ओढलेला, गनवर हात ठेवून रस्त्याच्या तोंडाकडे बघणारा माणूस मात्र गॅरेजच्या आत असलेल्यालाच मिळतो. तसंच गाडी गेल्यावर लगेच कॅमेरा खाली घेऊ नका. उतरलेला ड्रायव्हर हेल्मेट काढतो, केस कपाळाला चिकटलेले असतात, हातवारे करत इंजिनिअरला पुढचं चाक कसं घसरतंय ते सांगतो. हे दीड-दोन मिनिटं चालतं, मग तो दिसेनासा होतो.

ड्रायव्हर कधी बदलणार, हे आधी विचारून ठेवा. एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. कुणालाही सलग सहा तासांच्या अवधीत चार तासांहून जास्त आणि एकूण चौदा तासांहून जास्त चालवता येत नाही. संघ बहुधा एकाला तीन-चार स्टिंट सलग देतात, म्हणजे उतरणाऱ्या-चढणाऱ्या ड्रायव्हरची जोडी तुम्हाला दर दोन-अडीच तासांनी मिळेल. थांबा एफ-वनसारखा दोन-तीन सेकंदांचा नसतो. इंधन भरायलाच अर्ध्या मिनिटाहून अधिक जातं, आणि तेवढा वेळ इंजिन बंद असतं. कर्कश आवाज एकदम थांबलेला हा वेळ आहे. ड्रायव्हर बदलत असेल तर मदतनीस कॉकपिटमध्ये कमरेपर्यंत शिरून पट्टे आवळत असतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी जोडत असतो. ३५ मिमी लेन्सला हे दृश्य नेमकं बसतं.

उभं कुठे राहायचं? गॅरेजच्या तोंडाशी, ज्या बाजूने टायर बाहेर जात नाहीत त्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून. जागा चीफ मेकॅनिककडून शर्यतीआधी दाखवून घ्या आणि रात्री तीनलाही तीच ठेवा. थकलेला मेकॅनिक बघून चालत नाही, सवयीने चालतो. त्याच्या सवयीत तुमची जागा बसलेली असली पाहिजे. मागे सरकत फोटो काढायचे नाहीत. नळीवर पाय द्यायचा नाही. चाक आणि गाडी यांच्या मधे यायचं नाही. रंगवलेल्या रेषेपलीकडे पिट लेनमध्ये, म्हणजे गॅरेजांसमोरच्या गाड्यांच्या रस्त्यावर, तुमचा पास परवानगी देत असेल तरच, आणि तेव्हाही शेजारच्या गॅरेजची गाडी येतेय का हे बघून. पिट लेनमधली वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. ऐकायला कमी वाटते, पण सेकंदाला जवळपास १७ मीटर झाले, आणि शेजारच्या इंजिनाच्या आवाजात ती गाडी कानाला कळत नाही. हायब्रिड गाडीवरचा सुरक्षेचा दिवा हिरवा नसेल तर गाडीला बोटही लावू नका, आत विजेचा मोठा दाब असतो.

हे नियम जाचक वाटले तर १९५५ आठवा. तेव्हा पिट आणि धावता ट्रॅक यांच्यामध्ये भिंतच नव्हती. पिटकडे वळणाऱ्या गाडीमुळे सुरू झालेल्या अपघातात ड्रायव्हर पिएर लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक दगावले. पुढच्या वर्षी शर्यत झाली ती पिटचा भाग पाडून नव्याने बांधल्यानंतर.

कपडे सुती, लांब बाह्यांचे, पूर्ण पँट, बंद बूट. इंधनाजवळ कृत्रिम धाग्याचं कापड नको, आग लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. हेल्मेट आणि अग्निरोधक पोशाखाबद्दलचा त्या वर्षीचा नियम मीडिया ब्रीफिंगमध्ये सांगतात. ते ब्रीफिंग चुकवू नका.

आता उजेड. नवखे इथेच अडखळतात. दुपारी ऊन असताना गॅरेजच्या आत आणि बाहेर सुमारे सात स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बाहेर नेहमीचं लख्ख ऊन, आत ट्यूबलाइटच्या ऑफिसइतका उजेड. दोन्ही एका फोटोत नीट आणायचा हट्ट सोडून द्या. आतल्या चेहऱ्यांवर एक्स्पोजर ठेवलंत तर बाहेरचं पांढरं होऊन जाईल, जाऊ द्या. किंवा बाहेरचं धरा आणि माणसांच्या काळ्या आकृत्या घ्या. मधला मार्ग म्हणजे दोन्हीकडून वाईट. आत एफ २.८, १/२०० आणि आयएसओ ८०० ते १६०० इथून सुरुवात करा. ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा, कारण रात्री गाडी तोंडासमोर आली की हेडलाइट बघून कॅमेरा सगळं चित्र काळंठिक्कर करतो. रात्री पिट लेनमध्ये आयएसओ ३२०० ते ६४०० लागेल. दाणा दिसला तर दिसू दे, हललेला चेहरा त्याहून वाईट.

रंगाची एक गंमत लक्षात ठेवा. गॅरेजच्या भिंती संघाच्या रंगात असतात. लाल भिंतींच्या गॅरेजमध्ये प्रत्येक चेहरा उन्हाने भाजल्यासारखा येतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला वेगळा निर्णय घेतो. करड्या कार्डावर एकदा व्हाइट बॅलन्स ठरवा, तोच कायम ठेवा, रॉमध्ये काढा.

त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे एलईडीचं लुकलुकणं. फ्रान्समधली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. तिथे १/१०० किंवा १/५० चालून जातं. पण गॅरेजमधले एलईडी पॅनेल, वेळेचे स्क्रीन, गाडीचा नंबर आणि शर्यतीतलं स्थान दाखवणारे तिच्यावरचे दिवे हे ज्याच्या त्याच्या गतीने चालू-बंद होतात. १/१००० ला काढलेल्या फोटोत गाडीचा प्रकाशणारा आकडा अर्धाच येतो. इलेक्ट्रॉनिक शटरचा सेन्सर सावकाश वाचला जात असेल तर चेहऱ्यावर आडवे पट्टे पडतात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत, घरी मोठ्या पडद्यावर दिसतात, म्हणून ही चाचणी आधी करायची : गॅरेजमध्ये पोचल्याच्या पहिल्या तासात पांढऱ्या भिंतीचे १/१००, १/२५०, १/५००, १/१००० असे फोटो मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही शटरनी काढा आणि शंभर टक्के मोठे करून बघा. पट्टे कुठल्या वेगाला सुरू होतात ते टिपून ठेवा आणि शटर त्याहून मंद ठेवा. काही कॅमेऱ्यांत शटरचा वेग अपूर्णांकात सरकवायची सोय असते, तिने पट्टे बऱ्याच वेळा जातात. सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणाऱ्या नव्या कॅमेऱ्यात पट्टे येत नाहीत, पण एक फोटो उजळ आणि पुढचा मंद असा खेळ होतो. तिथे सलग पाच-सहा फोटो काढून त्यातला निवडणं हाच इलाज. फ्लॅश नको. काळोखात चाकाच्या नटाकडे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर तो मारणं धोक्याचं आहे, आणि तसं एकदा केलंत की पुढचे बावीस तास गॅरेजमध्ये तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

सामान थोडकं. दोन कॅमेरा बॉडी : एकीवर ३५ मिमी एफ १.४ किंवा २४-७०, दुसरीवर ७०-२०० एफ २.८. खिशात एखादी १६-३५. मोठी ४०० किंवा ६०० ची लेन्स गॅरेजमध्ये अडगळ आहे. पिट लेनमध्ये लेन्स बदलू नका. ब्रेकची कार्बनची पूड आणि टायरचे कण सेन्सरवर बसतात आणि ते फुंकून जात नाहीत. जून असला तरी पहाटे तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरू शकतं. बाहेरून उबदार गॅरेजमध्ये शिरलात की लेन्सवर वाफ धरते. आत जायच्या आधी कॅमेरा बॅगेत घालून दहा मिनिटं तसाच ठेवा, किंवा एक बॉडी आतली आणि एक बाहेरची असा भेद पाळा. पिट लेनमध्ये येणाऱ्या गाडीचा पॅनिंग शॉट, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत काढलेला फोटो, हवा असेल तर १/३० ते १/६० पुरे. १/३० मध्ये ती गाडी अर्धा मीटरभर सरकते, पार्श्वभूमी छान पुसली जाते. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटवर ऑटोफोकस चाचपडत राहतो. गाडी जिथे थांबते ती रेषा आधीच ठरलेली असते, तिच्यावर फोकस हाताने लावून ठेवा.

आठवड्याचं वेळापत्रक बघा, त्यात एक दडलेली संधी आहे. शर्यत शनिवारी दुपारी चारला सुरू होते. बुधवार-गुरुवारी सराव आणि पात्रता फेऱ्या असतात, आणि रात्रीच्या अंधारातला सरावही याच दोन दिवसांत होतो. तुमची रात्रीची सेटिंग तेव्हाच पक्की व्हायला हवी. शुक्रवारी ट्रॅकवर गाड्या धावत नाहीत. दुपारनंतर ड्रायव्हर शहरात मिरवणुकीला जातात आणि बरेच फोटोग्राफर त्यांच्या मागे जातात. त्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी पार सुटी केलेली असते : गिअरबॉक्स वेगळा, नवे ब्रेक, नवं इंजिन बसवणं, प्रत्येक नट पुन्हा आवळून त्यावर खुणेचा रंग लावणं. पडद्यामागचं काम हवं असेल तर शुक्रवार शनिवारपेक्षा मोलाचा. दिवसा गॅरेजपुढे प्रेक्षकांची जत्रा असते, त्यामुळे संध्याकाळ धरा.

याच दिवशी गुपितांचा प्रश्नही येतो. बाहेरचं कवच उतरवलेलं असताना गाडीचा तळ, मागचा डिफ्यूजर (तळाखालची हवा बाहेर सोडणारा भाग), ब्रेकला हवा नेणारे मार्ग, आणि कुठल्याही वेळी इंजिनिअरचे स्क्रीन, यांचे फोटो कुठपर्यंत चालतील हे संघाकडून आधीच लेखी घ्या. ‘काढा, पण शर्यत संपेपर्यंत बाहेर देऊ नका’ हे उत्तर बऱ्याचदा मिळतं. न विचारता काढलेला आणि मग पुसायला लागलेला फोटो तुमचा विश्वास घेऊन जातो. झोपलेल्या मेकॅनिकचंही तसंच. टायरच्या ढिगावर मान टाकून झोपलेला माणूस हे ल माँचं नेहमीचं चित्र आहे, काढा जरूर, पण छापायच्या आधी त्याला दाखवा.

कागदपत्रांत दोन पासांची गल्लत होते. संघाचा पास तुम्हाला गॅरेजमध्ये नेतो, पण ट्रॅकच्या कडेला उभं राहण्याचा हक्क देत नाही. त्यासाठी आयोजकांकडून मीडिया म्हणून वेगळी मान्यता आणि अंगावर घालायचं जॅकेट लागतं. मीडियाची मान्यता असली तरी गॅरेजमध्ये संघाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. दोन्ही हवे असतील तर काही महिने आधी अर्ज करा, प्रकाशित काम आणि काम देणाऱ्याचं पत्र जोडून. स्थिरचित्रांच्या परवानगीत व्हिडिओ येतो असं धरून चालू नका. शर्यतीच्या चलचित्रांचे हक्क विकलेले असतात, फोनवरचं एक रील पास घालवू शकतं. भारतातून निघताना मुंबई विमानतळावर, सामान चेक-इन करण्याआधी, कस्टम्सकडून कॅमेऱ्यांच्या आणि लेन्सच्या सीरियल नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना ड्यूटीचा वाद होत नाही. व्यावसायिक सामान मोठं असेल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र, बघा, भारतात ते फिक्की ही उद्योग संघटना देते. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून ल माँ वेगवान गाडीने तासाभराचा प्रवास आहे आणि गावातून सर्किटपर्यंत ट्राम जाते.

पोचल्याबरोबर कॅमेऱ्यांची घड्याळं बदला. भारत जूनमध्ये फ्रान्सच्या साडेतीन तास पुढे असतो. वेळ तशीच राहिली तर पहाटे पाचचा फोटो साडेआठचा म्हणून नोंदला जातो आणि कोणत्या थांब्याचा कुठला हे जुळवता येत नाही. त्याहून लबाड चूक म्हणजे दोन बॉडींमध्ये चाळीस सेकंदांचा फरक : एकाच थांब्याचे फोटो क्रमाने लावले की गाडी सुटल्यावर चाक निघताना दिसतं. दोन्ही घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, शुक्रवारी पुन्हा तपासा. प्रवेशयादीतले गाड्यांचे क्रमांक आणि ड्रायव्हरांची नावं ‘फोटो मेकॅनिक’ या सॉफ्टवेअरमध्ये संकेत म्हणून भरून ठेवा, म्हणजे क्रमांक टाकला की पूर्ण ओळ आपोआप लिहिली जाते. पहाटे चारला तुम्ही नावं चुकणारच. कार्ड भरायची वाट न बघता दर दोन स्टिंटनंतर उतरवून घ्या, दोन ठिकाणी.

वेळेची वाटणी करताना सूर्य लक्षात घ्या. तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सहाच्या सुमारास उगवतो. नऊ ते अकरा हा काळ सोन्याचा : निळं आकाश, जत्रेतल्या मोठ्या आकाशपाळण्याचे दिवे, गॅरेजमधला पांढरा उजेड, तिघंही एका चित्रात मावतात. अकरा ते तीन या वेळात चित्रं तीच तीच येतात, तेव्हा दीड तास झोपा, लाज वाटून घेऊ नका. ट्रॅकवर एकदा जायचं असेल तर तेही याच वेळात, म्युल्सान किंवा आर्नाजच्या वळणावर, जिथे ब्रेकच्या तबकड्या लाल होतात. येण्याजाण्यात तास-दीड तास जातो. साडेतीनला मात्र गॅरेजमध्ये परत हवेच. चार ते सात या वेळात माणसांच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते कुठल्याही दिव्याने करता येत नाही, आणि गाड्या बिघडायचं प्रमाणही याच सुमाराला जाणवू लागतं. गाडी मागे ढकलून गॅरेजमध्ये घेतली की गॅरेजचं शटर खाली ओढण्याआधी आत असलेलाच आत राहतो. पाऊस पडला तर वैतागू नका. २०२४ मध्ये पावसामुळे रात्रीचे चार तासांहून अधिक शर्यत सेफ्टी कारमागे, म्हणजे सगळ्यांचा वेग रोखून धरणाऱ्या आयोजकांच्या गाडीमागे, चालली. ट्रॅकवरच्या फोटोग्राफरना तेव्हा काही हाती लागलं नाही, गॅरेजमध्ये मात्र ब्लँकेटं, कॉफी आणि रडारकडे डोळे लावून बसलेले लोक होते.

शेवटचा अर्धा तास कुणाच्या गॅरेजमध्ये काढायचा, हे तुमच्याबाबतीत ठरलेलंच आहे : ज्यांनी बोलावलं त्यांच्याच. मग ते पहिले असोत की चाळिसावे. आघाडीवरच्या संघाकडे धावत सुटायचा मोह होईल. २०१६ मध्ये टोयोटाची ५ क्रमांकाची गाडी जिंकत होती आणि जेमतेम तीन मिनिटं उरलेली असताना पिटच्या समोरच थांबली. विजय पोर्शेला गेला. त्या दिवसाची लक्षात राहिलेली चित्रं टोयोटाच्या गॅरेजमधल्या चेहऱ्यांची आहेत. ती धावत आलेल्याला मिळत नाहीत. शेवटच्या फेरीत मेकॅनिक पिट वॉलवर, म्हणजे पिट लेन आणि ट्रॅक यांच्यामधल्या भिंतीवर, धाव घेतात आणि जाळीवर चढतात. तुम्ही त्यांच्या आधी तिथे पोचा आणि पाठ ट्रॅककडे करा, गाडी त्यांच्या डोळ्यांतून दिसते.

परतीचं तिकीट रविवारचं काढू नका. पोडियम आटोपल्यावर प्रेक्षक ट्रॅकवर उतरतात, गर्दी हलेपर्यंत बराच वेळ जातो, आणि तोवर गॅरेजमध्ये भिंतींची पॅनेलं उतरायला लागलेली असतात. रात्रीपर्यंत तिथे नुसता सिमेंटचा रिकामा चौकोन उरतो, जमिनीवर टायरचे काळे वर्तुळाकार डाग. तुमचा कोपरा तेव्हा ओळखू येणार नाही. त्याचा एक फोटो पोचल्या दिवशीच काढून ठेवा आणि हा दुसरा त्याच जागेवरून, त्याच लेन्सने.